राहण्याचे पैसे

वसुंधरा लघाटे खोटं वागायला शिकली ती वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि उशिरा शिकणारी माणसं शिकतात तशी अगदी मन लावून शिकली.

तोवर तिच्या नावावर साधं विनातिकीट प्रवास केल्याचंही पाप नव्हतं. माहेर झाशीतलंच. पूर्वज दीडदोनशे वर्षांपूर्वी सुभेदारांच्या दफ्तरात कारकुनी करायला आले आणि बुंदेलखंडाच्या उन्हात कायमचे रापले. वडील तहसिलीत कारकून. कारकुनाच्या मुलीने मानसशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा गल्लीतल्या बायका तिला हात दाखवायला यायच्या, कारण मन वाचणारीला हात वाचता येणारच, असा सगळ्यांचा समज. ती त्यांना हाकलून द्यायची. लग्न रेल्वे वर्कशॉपातल्या शशिकांत लघाट्यांशी झालं. एक मुलगी झाली, विद्या. आग्र्याला जाऊन वर्षभराचं प्रशिक्षण घेतलं आणि झाशीच्या एका सरकारी दवाखान्यात मनोरुग्णांची समुपदेशक म्हणून चिकटली. पंधरा वर्षं लोकांची रडगाणी ऐकली. काम चांगलं करायची. ते कुणी नाकारू नये. पुढे जे सांगायचं आहे त्यामुळे तर मुळीच नाकारू नये.

नव्व्याण्णव साली एक सरकारी योजना आली. खेड्यापाड्यांत वेड लागलेल्या माणसाला एक तर ओझ्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, न्यायचे, नाही तर खाटेला बांधायचे, कारण मनाचा डॉक्टर तिकडे फिरकायचाच नाही. फिरकावा कशाला? वीज नाही, पाणी नाही, पोरांना शाळा नाही. तेव्हा कुणा शहाण्याने असं काढलं की जो तिथे जाऊन राहील त्याला पगाराच्या वर निवासी भत्ता द्यावा. महिना अठराशे. वसुंधराच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. अट एकच, मुक्काम तिथेच हवा. योजना वाईट नव्हती. फक्त ती कागदावर करणाऱ्याला माणसं ठाऊक नव्हती.

वसुंधराने अर्ज केला. विद्याला पुण्याला इंजिनीअरिंगला जागा मिळाली होती आणि वसतिगृहाचे पैसे शशिकांतच्या पगारात बसत नव्हते. तिला सेमरवारा मिळालं. झाशीहून कानपूर रस्त्याने चिरगाव, तिथून फाट्यावर जीपमध्ये कोंबून घेऊन अकरा मैल. आरोग्य केंद्राला दोन खोल्या, एक कंपाउंडर, आणि एक आड एक गुरुवारी गाडीतून येणारे मनाचे डॉक्टर. ते औषध लिहून देऊन जायचे. बाकीचे तेरा दिवस वसुंधराचे. कुणी गोळ्या घेतो की नाही, कुणाला त्रास होतो, कुणाचं घर काय म्हणतं, हे सगळं तिने बघायचं.

गावातल्या एका विधवा पंडिताइनीने तिला बाहेरची खोली दिली. खोलीला दोन दारं, एक गल्लीकडे, एक आत पंडिताइनीच्या अंगणात. पहिले तीन महिने वसुंधरा तिथे खरोखर राहिली. हापशाचं पाणी भरलं, कंदिलावर वाचलं. आणि रोज उठून उंबरा सारवून दारात रांगोळी काढली, कारण लहानपणापासून ती हाताला सवय होती. त्या मुलखात रांगोळीला चौक म्हणतात आणि तो पूरतात ते लग्नाला, पूजेला. रोज उठून दारात चौक घालणारी बाई गावाने पाहिली नव्हती. बायका वाट वाकडी करून बघायला यायच्या. मग गावाला त्यातून एक अर्थ सापडला. चौक ताजा, म्हणजे मराठिण ताईजी उठल्या, नाहल्या, घरात आहेत. कुणाला बोलायचं असलं की आधी पोराला दार बघून यायला पाठवायचं.

मग तिला कंटाळा आला. कारणं तिने पुष्कळ दिली. शशिकांतचा रक्तदाब वाढला, कंबर धरली, गच्चीवर माकडं येतात. त्या सगळ्यांत खरं कारण कंटाळा हेच होतं. संध्याकाळ झाली की काय करावं ते तिला सुचेना. दिवाळीला म्हणून झाशीला आली ती मग रोज येऊनजाऊन करू लागली. सकाळी सातची बस, साडेदहाला सेमरवारा, तीनला निघायचं, कुणी विचारलं तर आजूबाजूच्या गावांचे रोगी बघायला जाते म्हणून सांगायचं. रविवार घरी. दिवसाचं काम ती पूर्ण करायची, म्हणून मनाला टोचतही नव्हतं फारसं. खोली मात्र सोडली नाही. खोलीच्या भाड्याची पावती जोडल्याशिवाय भत्ता मिळत नव्हता.

पंडिताइनीला दारातला उंबरा बोडका दिसायला लागला. तिला रांगोळी काढता येईना, पण वसुंधराकडे भोकांचा पत्र्याचा एक छाप होता, त्यात पीठ घालून आपटला की चार पाकळ्या उमटत. म्हातारीने तो हौसेने वापरायला घेतला. त्यात कुणाचाच काही हेतू नव्हता. पण त्या पौषात एक साहेब सकाळी साडेसातला न सांगता जीप घेऊन तपासणीला आले. पंडिताइनीने उंबऱ्याकडे बोट केलं आणि सांगितलं की ताईजी आत्ताच नाहून मरीज बघायला गेल्या. साहेबांनी ओली रांगोळी बघितली, चहा घेतला, आणि ‘कर्मचारी मुख्यालयी निवास करतात’ असं लिहून गेले.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने हे सगळं हसत हसत सांगितलं. तेव्हा वसुंधराने तिला छाप परत मागायला हवा होता. तिने काय केलं? पुण्याहून येणाऱ्या नणंदेकडून रांगोळीची पाच किलोची पिशवी मागवली आणि कमळाचा नवा छाप आणवला. भाड्यातही पन्नास रुपये वाढवले. छाप उमटला पाहिजे रोज, न चुकता, सूर्य उगवायच्या आत.

शशिकांत म्हणायचे, “वसू, तुझी रांगोळी नोकरीला आहे आणि तू घरी.” दोघं हसायची.

आठ महिन्यांनी झाशीतल्या मराठी मंडळाने गणपतीत तिचा सत्कार केला. खेड्यात राहून वेड्यांची सेवा करणारी आपली भगिनी, असं अध्यक्ष बोलले. शाल, श्रीफळ आणि टाळ्या. ती टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांना रोज सकाळी सातला बसस्टँडावर भेटायची. त्यांनाही काही वाटलं नाही, हे विशेष. शाल मात्र तिने कपाटात खाली घातली आणि कधी पांघरली नाही.

कुसमा आली ती दोन हजार एकच्या जानेवारीत. एकोणीस वर्षांची, तळ्यापलीकडच्या बसोरांची मुलगी. बसोर म्हणजे टोपल्या, सुपं विणणारी जात, गावाच्या शेवटी राहणारी. पोरीला कुणीतरी कानात बोलतंय असं वाटायचं, झोप उडाली होती, दोनदा शेतात पळून गेली होती. तिची आई रामसखी तिला मनगटाला धरून घेऊन आली. बुटकी, काळी, दातांत तंबाखूची गोळी धरून बोलणारी बाई. तिने सरळ विचारलं, भूत असेल तर आत्ताच सांगा, आमचा वेळ घालवू नका. वसुंधराला ती फार आवडली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. महिन्याभरात पोरगी झोपायला लागली, होळीपर्यंत सूप विणायला बसली. रामसखी गुरुवारी न चुकता यायची आणि येताना एखादी टोपली आणायची, जी वसुंधरा पैसे देऊनच घ्यायची. मार्चअखेर डॉक्टरांनी गोळी वाढवली. वसुंधराने रामसखीला नीट बसवून सांगितलं की या गोळीने कधीकधी मान आखडते, जीभ जड होते, डोळे वर जातात. दिसायला भयंकर असतं, पण असतं काहीच नाही, एका दुसऱ्या गोळीने उतरतं. ती गोळी माझ्याकडे असते. “कभी भी आना,” ती म्हणाली, “मैं तो यहीं रहती हूँ।”

हे वाक्य तिने इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं की ते खोटं आहे हे तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

एप्रिल लागला. कुसमा एका गुरुवारी आली नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी वसुंधराने रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं आणि मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर ओला टॉवेल टाकून तळ्यापलीकडे निघाली. पंडिताइन म्हणाली, कशाला जाता, ते लोक असेच. हे ती जरा घाईने म्हणाली. वसुंधराने तेव्हा लक्ष दिलं नाही.

रामसखी दारात बांबू चिरत बसली होती. तिने मान वर केली, ताईजींना बघितलं आणि पुन्हा बांबूला लागली. खाट पुढे केली नाही, पाणी विचारलं नाही. मागच्या पडवीत कुसमा दिसत होती. एका पायाला सुतळी आणि सुतळीचं दुसरं टोक खांबाला. कपाळावर डाग दिल्याची दोन काळी वर्तुळं. पोरगी स्वतःशी बोलत होती.

वसुंधराने गोळ्यांचं विचारलं. रामसखीने बांबूचा सुरा तळ्याकडे केला. गोळ्या तळ्यात होत्या.

मग हळूहळू, बांबू चिरता चिरता, तिने सांगितलं. चैताची पुनव होती, रविवार. कुसमाची मान एकाएकी पाठीकडे वळली, जीभ बाहेर आली, डोळे पांढरे. नवऱ्याने तिला सायकलीला बांधून आणलं. केंद्रावर कंपाउंडर म्हणाला डोक्याची दवा मला कळत नाही, ताईजींना विचारा, रविवार आहे, घरीच असतील. घरी आले. दारात चौक होता, ताजा, कमळाचा. दार आतून बंद. पंडिताइनीच्या अंगणाला बाहेरून कुलूप, ती ओरछ्याला पुनवेच्या स्नानाला गेलेली. दार वाजवलं. ताईजी नाहत असतील म्हणून थांबले. पुन्हा वाजवलं. पोरीला गल्लीतच कडुनिंबाखाली निजवलं. लोक जमले, कुणी नारळ आणला, कुणी म्हणालं देवी आली. नऊ वाजल्यापासून चारपर्यंत.

“चौक पे हमने पाँव लों नईं धरो,” रामसखी म्हणाली. पाय तिने त्या रांगोळीवर पडू दिला नव्हता. पोरगी गुदमरत होती आणि आई रांगोळी वाचवत दार ठोठावत होती.

संध्याकाळी मान आपोआप सैल झाली. रात्री घरातल्यांनी ठरवलं की औषधात काहीतरी करणी आहे, नाही तर औषध देणारी बाई आतून दार लावून बसलीच नसती. मग ओझा, मिरच्यांची धुरी, डाग.

त्या रविवारी आपण काय करत होतो ते वसुंधराला चांगलं आठवत होतं. सदर बाजारातून कूलरचं गवत आणलं होतं आणि दुपारी आंब्याचं पन्हं केलं होतं. तिच्यासमोर दोन उत्तरं होती, घरात होते किंवा नव्हते, आणि तिने तिसरंच देऊन टाकलं. ती म्हणाली, मला त्या दिवशी ताप होता रामसखी, उठवतच नव्हतं, शुद्ध नव्हती.

रामसखीने सुरा खाली ठेवला. पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

“बुखार हतो,” ती म्हणाली, “तो चौक किनने पूरो?”

ताप होता तर रांगोळी कुणी काढली? याचं एकच उत्तर होतं आणि ते वसुंधरा देणार नव्हती. ती उठली, पुन्हा येईन असं काहीतरी पुटपुटली आणि तळ्याच्या काठाने चालत आली. जीपमध्ये तिला जागा मिळाली नाही तेव्हा ती मागच्या फळीवर लोंबकळत चिरगावपर्यंत आली, आणि त्याचं तिला बरंच वाटलं. शिक्षेसारखं काहीतरी.

पंडिताइनीला दुसऱ्या दिवशी विचारलं तर ती खाली बघायला लागली. तिला ओरछ्याहून आल्या आल्या शेजाऱ्यांनी सगळं सांगितलं होतं. ताईजींना उगाच घोर लागेल म्हणून बोलले नाही, असं म्हणाली. वसुंधराने तिच्यावर रागवायचा प्रयत्न केला आणि ते तिला जमलं नाही. म्हातारीने सांगितलेलं काम चोख केलं होतं.

घरी शशिकांतना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. पेपर बाजूला ठेवून त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग तिची समजूत घालायला लागले. सगळेच असं करतात. तुझे डॉक्टर बबीन्याच्या केंद्राचा भत्ता घेतात आणि राहतात कुठे, ते तुलाही माहीत आहे. आणि मान तर आपोआप उतरली ना? गोळ्या बंद करायचा मूर्खपणा त्यांनी केला, तू नाही.

“त्यांना वाटतं मी आत होते,” वसुंधरा म्हणाली. “आत होते आणि उघडलं नाही.”

“मग वाटू दे.”

“अहो, त्या बाईला मी पुन्हा गोळ्या घे म्हणून कशी सांगू? ती माझ्या हातचं पाणी घेणार नाही.”

“दुसऱ्या कुणाला तरी पाठव.”

“दुसरं कोण आहे तिथे? म्हणून तर पैसे देतात.”

यावर शशिकांत हळूच म्हणाले की विद्याची अजून चार सत्रं आहेत. ते खरं होतं. त्याच आठवड्याच्या रविवारी विद्याचा फोन आला. आई मराठीत बोलायची, मुलगी हिंदीत उत्तर द्यायची, अशीच त्यांची पद्धत. तिने सहज विचारलं, “आई, गाँव में सब ठीक?” आणि वसुंधराने सगळं ठीक म्हणून फोन ठेवला. दिवसातलं तिसरं खोटं. ती आता मोजायला लागली होती.

आठ दिवस ती सेमरवाऱ्याला जायची आणि तळ्याच्या बाजूला बघायची नाही. पंधरा वर्षं ती लोकांना सांगत आली होती की लाज ही दाबून ठेवली की सडते, बोलून टाका. टेबलाच्या या बाजूला बसून हे सांगायला काय जातं? तिने स्वतःला दहादा समजावलं की एका मुलीसाठी बाकीच्या साठ रोग्यांचं नुकसान करण्यात अर्थ नाही, आपली बदली झाली तर त्यांना कोण बघणार. मुद्दा बिनतोड होता. तिला चांगले मुद्दे नेहमीच सुचायचे, तेच तिचं दुखणं. पायाला सुतळी बांधलेली पोरगी मात्र मुद्द्याने सुटत नव्हती. ती सुटायची तर गोळ्यांनी, गोळ्या रामसखीच्या हातून, आणि रामसखी ज्या बाईवर विश्वास ठेवेल तिच्या सांगण्यावरून. ती बाई कोण, हे ठरायचं होतं. दार न उघडणारी, की घरातच नसणारी.

नवव्या दिवशी ती पुन्हा तळ्यापलीकडे गेली. या वेळी रामसखीचा नवराही होता, सूप विणत भिंतीला टेकलेला. वसुंधरा जमिनीवर बसली. बसताना मनात घोकलेली चार वाक्यं होती, ती सगळी विसरली.

“मुझे बुखार नहीं था,” ती म्हणाली. “मैं घर में थी ही नहीं, रामसखी। मैं यहाँ रहती ही नहीं हूँ।”

नवऱ्याचे हात थांबले.

“नईं रहतीं?” रामसखी म्हणाली.

“नहीं। झाँसी में रहती हूँ। रोज आती-जाती हूँ। दो साल होने आए।”

“और चौक?”

“पंडिताइन डालती हैं। मैंने कह रखा है।”

आता ही बाई ओरडेल, गाव गोळा करेल, सुरा उचलेल, असं काहीही होईल असं वसुंधराला वाटलं. रामसखीने तोंडातली तंबाखूची गोळी काढून बाहेर टाकली. मग तिच्या तोंडावर जे आलं ते बघून वसुंधराला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते हसू होतं. सुटल्याचं हसू. ती नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, ऐकलंस का रे, नव्हतीच ती घरात.

मग तिने सांगितलं. त्या दिवसापासून घरात एकच बोलणं होतं. कुसमा शुद्धीत असताना तेच म्हणायची, बरळताना तेच. ताईजींनी फटीतून बघितलं, बसोर आहेत म्हणून उघडलं नाही. यांनी उंबरा चढला तर चौक बाटेल म्हणून. रामसखी स्वतः तिला सांगायची की नाही गं, ताईजी तशा नाहीत, टोपलीचे पैसे हातात देतात. पण तिलाही मनातून तेच वाटायचं. बामणाची बाई, दुसरं काय कारण असणार?

वसुंधरा ऐकत राहिली. आपण लबाड आहोत हे ऐकून या घराला बरं वाटलं होतं. आपण चोर निघालो म्हणून समोरच्या माणसाचं ओझं उतरावं, याहून खाली जायला जागा नसते. आणि तिलाही, हे ती पुढे कुणाकडेच कबूल करणार नव्हती, एक क्षण हायसं वाटलं होतं, चोरच ठरले, दुसरं काही नाही. मग त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली की तिने तोंड पदराने पुसण्याचं निमित्त केलं.

रामसखी मात्र मुद्द्यावर आली होती. राहत नाही तर राहते म्हणून कशाला सांगता, असं तिने विचारलं. राहण्याचे पैसे मिळतात, वसुंधरा म्हणाली. किती? अठराशे. वर्षाला? महिन्याला.

सूप विणणाऱ्या नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि फक्त “हओ?” म्हणाला.

“इतै रहबे के?” रामसखीने विचारलं. इथे राहण्याचे? तिने आपलं घर, तळं, पलीकडचा कडुनिंब असं सगळं एकदा बघून घेतलं. “हम तो जनम से इतईं रै रए, ताईजी। हमें तो काऊ ने धेला नईं दओ।”

जन्मापासून इथेच राहून त्यांना कुणी छदाम दिला नव्हता; पण ती हे टोचायला बोलली नव्हती. तिला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. वसुंधराला सत्काराची शाल, साहेबांचा शेरा, नणंदेने रेल्वेने आणलेली पाच किलोची पिशवी, हे सगळं एकदम आठवलं आणि मातीत तोंड घालावं असं झालं.

कुसमाची सुतळी त्या दिवशी सुटली नाही. रामसखी गोळ्या पुन्हा द्यायला तयार झाली, पण एका अटीवर. मान पुन्हा वळली तर दार उघडलं पाहिजे. वसुंधराने मान आखडल्यावरची गोळी देऊ केली, घरातच ठेवा म्हणाली. रामसखीने ती घेतली, पदरात बांधली आणि अट तशीच ठेवली. गोळी ठीक आहे, पण दार उघडलं पाहिजे.

दुसऱ्या सोमवारी वसुंधराने कार्यालयात अर्ज दिला की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी मुख्यालयी राहत नव्हते, त्या काळातला भत्ता परत वळता करून घ्यावा. बडे बाबूंनी, तिथल्या हेडक्लार्कनी, तो दोनदा वाचला आणि दार लावून घेतलं. बहनजी, तुम्हाला पुण्य करायचं असेल तर गंगेवर जा, असं ते म्हणाले. हा कागद पुढे गेला तर अकरा जणांची चौकशी लागेल, डॉक्टरसाहेबांसकट. त्यापेक्षा या महिन्यापासून राहायला जा आणि मागचं विसरा. बोलणं समंजस होतं. तिने अर्ज परत घेतला नाही.

पुढे दोन वर्षं तिच्या पगारातून कापून घेतलं गेलं. चौकशी संपेपर्यंत सगळ्यांचाच भत्ता बंद, म्हणजे तो कायमचाच बंद झाला. विद्याच्या वसतिगृहासाठी शशिकांतनी भविष्य निर्वाह निधीतून काढले आणि सहा महिने तिच्याशी जेवणापुरतं बोलले. सहकाऱ्यांनी नमस्कार सोडला. डॉक्टर गुरुवारी यायचे, औषध लिहायचे, तिच्याकडे न बघता चिठ्ठी पुढे करायचे. एकाने तर तोंडावर विचारलं की तुम्ही स्वतः दोन वर्षं खाल्लंत, मग आम्हाला का बुडवलंत? तो बरोबरच बोलत होता.

आणि ती सेमरवाऱ्याला राहायला गेली. फुकट. जेव्हा पैसे मिळत होते तेव्हा राहिली नाही आणि बंद झाल्यावर राहिली, यावर झाशीच्या मराठी घरांत बरेच दिवस हसणं चाललं. काहींनी तिला थोर ठरवायचाही प्रयत्न केला. पुढच्या गणपतीत मंडळाकडून पुन्हा निरोप आला तेव्हा तिने इतकं तुसडं उत्तर दिलं की अध्यक्ष वर्षभर दुखावलेले राहिले. दारात रांगोळी काढणं तिने बंद केलं. पंडिताइनीला वाईट वाटलं, पण वसुंधराला त्या उंबऱ्यावर काही काढायचा आता धीर होत नव्हता.

कुसमा ऑगस्टात मोकळी झाली. पूर्वीसारखी नाही. कपाळावरचे डाग राहिले, आणि गोष्ट सांगता सांगता ती मध्येच थांबायची. लग्न ठरत होतं ते मोडलं. ते कशाने मोडलं, दुखण्याने की डागांनी, हे रामसखीने कधी सांगितलं नाही आणि वसुंधराने विचारलं नाही. मान पुन्हा कधी वळली नाही. पदरात बांधलेली गोळी घामाने विरघळून गेली, ती वसुंधराने दोनदा बदलून दिली.

पण रामसखी यायची. गुरुवारी नव्हे, गुरुवारचं यायचं ते वेगळं. ही यायची रविवारी, सणाला, भर दुपारी, एकदा तर धो धो पावसात सूप डोक्यावर धरून. दार वाजवायची. वसुंधरा धावत जाऊन उघडायची, हातात पीठ असलं तरी, डोक्याला तेल असलं तरी, आणि विचारायची, काय झालं, कुसमा बरी आहे ना?

“कछू नईं,” रामसखी म्हणायची. “देखबे आए ते।”

बघायला आले होते. एवढं बोलून ती परत फिरायची. आत ये म्हटलं तरी यायची नाही, चहा नको, पाणी नको. साहेबाची जीप वर्षातून एकदा यायची, ही महिन्यातून तीनदा. पहिल्या वेळी वसुंधराला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. विसाव्या वेळीही तसंच लागलं. माणसाला सवय होते म्हणतात. तिला झाली नाही. आपण दार उघडल्यावर रामसखीच्या चेहऱ्यावर किंचितसं जे आश्चर्य दिसायचं, ते कमी होतंय का एवढंच ती दर वेळी बघायची.

तिच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते तेव्हाही, माघातल्या एका रविवारी, दार वाजलं. ती न्हाऊन ओल्या केसांनी बसली होती. उठून उघडेपर्यंत थोडा वेळ गेला. रामसखी उंबऱ्याच्या बाहेर उभी होती, आता बरीच वाकलेली, आणि दुसऱ्यांदा ठोठावायला हात उचललेला.

“देर कर दई,” ती म्हणाली.

“नहा रही थी,” वसुंधरा म्हणाली. हे खरं होतं, केसांतून पाणी गळत होतं, तरीही सांगताना तिची मान खाली गेली.

रामसखीने तिच्या केसांकडे बघितलं. खात्री करून घेतली. मग म्हणाली, बरं, आणि तळ्याकडे चालू लागली.